इंजिन बदलायचं की गाडीच

आमचे घरमालक कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारत. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं होतं, ते केवळ त्यासाठी. फेरी मारताना ते कॅबिनेटवर बोटांनी टकटक करत, मागच्या वायरी हलक्या हाताने ओढून पाहत, मॉनिटरची काच फडक्याने पुसत आणि मगच खुर्चीत बसत. बसले की अंगातल्या खाकी शर्टाचं वरचं बटण लावत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत, "बेल!"

आतून काकू उलथन्याने ताटलीवर दोनदा वाजवत. टण, टण. त्यानंतरच गाडी हलायची.

मी आर्णीच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला गेले तेव्हा त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच दुपारी मी सामान लावत होते आणि भिंतीपलीकडून मोठ्याने आवाज आला, "चला, ढाणकी, ढाणकी! ओ मावशी, पोतं मधात नोका ठेवू!" पाठोपाठ एसटीचं इंजिन घुरघुरलं. दारात बस लागली असं वाटून मी बाहेर धावले. रस्त्यावर एक बकरी तेवढी उभी होती.

काकांनी सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरकीत घालवली होती, त्यातला बराच काळ यवतमाळ ते ढाणकी या एकाच मार्गावर. पुढे ब्रेक दाबून दाबून उजवा गुडघा निकामी झाला आणि वय व्हायच्या आधीच घरी बसावं लागलं. ती पहिली काही वर्षं फार वाईट गेली, असं काकू सांगायच्या. माणूस दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकायचा आणि कुणी चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढली की जेवण टाकून द्यायचा.

मग एका दिवाळीला पुण्याहून मुलगा आला. कॉलेजात असताना त्याने गेम खेळण्यासाठी कमी पैशांत सुटे भाग जुळवून एक कॉम्प्युटर तयार केला होता, तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता. मुलाने तो झटकला, त्याला प्लास्टिकचं स्टेअरिंग, गिअरचा दांडा आणि पायाखाली दोन पेडलं जोडली आणि त्यावर परदेशातल्या रस्त्यांवर गाडी चालवायचा गेम टाकून दिला. गाडी लाल एसटीसारखी रंगवलेली होती. या ब्रेकला गुडघ्याचा जोर लागत नव्हता. दिवाळी संपवून मुलगा परत गेला, काका मात्र त्या दिवसापासून ड्यूटीवर रुजू झाले.

बाकीचं जग असले गेम गाड्या ठोकण्यासाठी खेळतं. काका सिग्नल पाळत. पुढे ट्रॅक्टर असला तर मैलभर त्याच्या मागे राहत, कारण वळणावर ओव्हरटेक करायचा नसतो. परदेशी गावांची नावं त्यांनी कधी वाचलीच नाहीत. मोठ्या पुलापलीकडे दिसायचं ते महागाव, चर्चच्या मनोऱ्याचं गाव ते उमरखेड, आणि रस्ता जिथे संपतो ती ढाणकी. मधल्या एका थांब्यावर ते गाडी उभी करून खरोखर उठत आणि आत जाऊन चहा पिऊन येत. गल्लीतले पोट्टे बंदुकीचा गेम खेळू द्या म्हणून मागे लागत, तर काका त्यांना समोर बसवून विचारत, "लायसन हाये?" मग स्टेअरिंग त्यांच्या हातात देऊन चौक ओलांडायला लावत. जो सिग्नल तोडी त्याला घरी पाठवत.

गेममध्ये एकदा हिवाळा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतं पांढरीशुभ्र झाली. मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. काका स्टेअरिंगवरचा हात न काढता म्हणाले, "पाहा मॅडमबाई, काय कापूस फुटला! वेचाले मजूर भेटत नाई वाटते यायले."

तेव्हा आमच्या भोवतालच्या शेतांत बोंडं उघडली की आत गुलाबी अळी निघत होती. बाजारात माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलत. दुकानं उघडी असत, पण गिऱ्हाईक पायरी चढत नसे. काका त्या बर्फाकडे इतक्या समाधानाने बघत होते की ते बर्फ आहे हे मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतंच.

त्याच सुमाराला गाडी अडखळायला लागली. गेमची नवी आवृत्ती आली होती, तिच्यात गावं मोठी, झाडं दाट, रहदारी भरपूर. काकांची गाडी गावात शिरली की चित्र थबकायचं आणि एकदम दहा पावलं पुढे उडी मारायचं. अशा एका उडीत एक सायकलवाला गाडीखाली आला. काकांनी इंजिन बंद केलं आणि त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी इरफान आला. त्याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे वडील पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करत, म्हणून हात चांगला होता आणि तोंड त्याहून चांगलं. त्याने कॅबिनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. आत फॅनला काकांनी शिलाई मशीनचं तेल पाजलं होतं. आदल्या उन्हाळ्यात तर त्यांनी चालू कॅबिनेटवर ओलं पोतं टाकलं होतं, रेडिएटर तापला म्हणून.

"चाचा," इरफान म्हणाला, "ही मशीन म्हातारी झाली. तुम्ही म्हणाल तं मी ग्राफिक कार्ड टाकून देतो. पण कार्डाले ताकद लागते, म्हणजे पॉवर सप्लाय बदलावा लागन. तेवढं करून प्रोसेसर जुनाच, तो कार्डाले धावू देणार नाही. रॅम वाढवली तं ती या जुन्या बोर्डाची, उद्या नव्या मशीनमध्ये बसत नाही. त्यापेक्षा नवीनच घ्या ना."

"म्हंजे माह्या गाडीचं इंजिन थकलं?"

"हो."

"मंग इंजिन उतरवू. बॉडी कायले फेकतो?"

"चाचा, बॉडी म्हणजे फक्त हा पत्र्याचा डबा आहे!"

"डब्यातच तं पॅसिंजर बसते बावा."

मुलगा फोनवर म्हणे, फेका तो डबा, मी नवीन पाठवतो. काकूही त्याच्याच बाजूच्या होत्या. काकांना पैशाची अडचण नव्हती आणि चिकटपणा तर नव्हताच. त्यांचं म्हणणं एकच होतं, "पहिले दुखणं सापडलं पाह्यजे. दुखणं न पाहता गाडी बदलली तं तेच दुखणं नव्या गाडीत येऊन बसते." मग ते दुखणं शोधत बसत. मोकळ्या रस्त्यावर गाडी नीट चालते, गावात अडते, म्हणजे गर्दी सोसत नाही. सुरू व्हायला वेळ लावते, म्हणजे हार्ड डिस्क थकली. इरफान सांगे, डिस्कच्या जागी नवी एसएसडी टाका, ती पुढे नव्या मशीनलाही चालेल. कार्डही चालेल. जे सोबत नेता येतं ते आधी घ्या, बाकीचं नंतर पाहू. काका मान हलवत, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दुकानात जात, आणि "पण आपल्या बोर्डाचा काय कसूर?" इथून पुन्हा सुरुवात होई. दुकानात आलेला प्रत्येक माणूस या खटल्यात आपलं मत देऊन जाई. कापसाखेरीज बोलायला दुसरं काही मिळालं म्हणून लोक खूश असावेत.

हा खटला हिवाळाभर चालला असता, पण मध्ये देवसिंगमास्तरांची बातमी आली.

देवसिंग हे काकांचे कंडक्टर. ढाणकीच्या गाडीवर ही जोडी वर्षानुवर्षं एकत्र होती. काका त्यांना मास्तर म्हणत आणि मास्तर काकांना उस्ताद. निवृत्त झाल्यावर मास्तर आर्णीजवळच्या आपल्या तांड्यावर घरची शेती बघत होते. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आत शिरलं की औषध तोंडावरच यायचं. अशीच फवारणी करून मास्तर घरी आले आणि अंगणात कोसळले. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना शुद्धीवर आणायला बराच वेळ लागला. जीव वाचला. डोळ्यांपुढे मात्र अंधार राहिला. नजर येईल, पण हळूहळू येईल, किती येईल ते आज सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काकांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. इरफान एकदा नव्या मशीनचा विषय काढायला आला आणि काकांचं तोंड बघून चहा पिऊन परत गेला.

मास्तरांना घरी आणल्यावर काका तांड्यावर जाऊन आले. परतले ते ओट्यावरच बसले. काकूंनी पाणी दिलं तर हातात भांडं धरून म्हणाले, "मास्तर बोलत नाई. भिंतीकडं तोंड करून बसते. मी इकडच्या तिकडच्या चार गोष्टी सांगतल्या, माणूस हूं का चूं नाई. याच्या आवाजानं पूर्ण गाडी जागी व्हाची, अन् आता..."

पाणी न पिता त्यांनी भांडं खाली ठेवलं.

रविवारी सकाळी दारात ऑटो उभा. काका आणि इरफान मिळून कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळत होते. मॉनिटर कुणाच्या तरी मांडीवर हवा होता, म्हणून मला घेतलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला काका मागे वळून म्हणत, "मॅडमबाई, पॅसिंजर बरोबर हाये ना?"

तांड्यावर मास्तरांचं घर पत्र्याचं, पुढे मोठं अंगण. मास्तर आत खाटेवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्या आईला सगळे याडी म्हणत. त्या दारातच बसल्या होत्या. त्यांनी एकदा आमच्या हातातल्या सामानाकडे पाहिलं आणि विचारलं, "टीव्ही आनला का? त्याले दिसत नाई ना बापू."

"टीव्ही नाई, याडी. गाडी आनली," काका म्हणाले.

इरफानने खाटेजवळच्या टेबलावर सगळं मांडून वायरी जोडल्या. काकांनी टेबलाभोवती फेरी मारली, खाकी शर्टाचं बटण लावलं, बसले. इंजिन सुरू झालं. तो गेममधला परदेशी आवाज नव्हता. मी राहायला येण्याआधीच ढाणकीच्या खऱ्या गाडीत मोबाइल धरून काकांनी आवाज भरून आणला होता आणि इरफानकडून तो गेममध्ये घालून घेतला होता. तीच घुरघुर, सैल काचांचा तोच खडखडाट. तो ऐकून अंगणातली पोरं दारात गोळा झाली.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसलेले होते, तसेच राहिले.

काका गाडी हलवेनात. इंजिन नुसतं घुरघुरत होतं. मला वाटलं, चित्र अडकलं. इरफान पुढे झाला तर काकांनी त्याला हाताने मागे सारलं. काका समोर काचेकडे बघत बसून होते, स्टँडवर गाडी लावून बसतात तसे. याडी एकदा मुलाकडे बघत, एकदा काकांकडे.

खूप वेळ गेला. मास्तरांचा हात खाटेखाली चाचपडत गेला. तिथे स्टीलचा पेला होता. त्यांनी तो उचलला आणि खाटेच्या लोखंडी पाइपवर वाजवला. टण. थोडं थांबून आणखी एकदा. टण.

काकांनी पहिला गिअर टाकला.

गाडी निघाली. मास्तर अजून भिंतीकडेच बघत होते, पण मान किंचित कलली होती. मोकळा रस्ता लागला, मग चढ आला. काका मुद्दाम की नकळत, मला आजही माहीत नाही, वरच्याच गिअरमध्ये चढायला लागले. इंजिन गुदमरलं.

"तिसऱ्यावर टाका ना उस्ताद," मास्तरांचा आवाज घोगरा झाला होता. "कायले इंजनाचा जीव घेऊन राह्यले?"

याडींनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "टाकतो ना मास्तर. पहिले सांगा, महागावचे किती हायेत?"

"पाहू द्या." मास्तर आमच्याकडे वळले. त्या काळ्या चष्म्याने त्यांनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली. "चला, तिकीट, तिकीट! महागाव कोन हाये? ए पोट्टेहो, हाफवाले मागं सरका!"

दारातली पोरं खरोखरच मागे सरकली.

परत निघताना इरफान वायरी काढायला लागला तर काकांनी थांबवलं. "राहू दे."

"अन् चाचा, तुम्ही घरी काय चालवाल?"

"गाडी डेपोत राह्यते अन् डायवर घरी जाते. तुले येवढंही ठाऊक नाई?"

त्यानंतर काका एक दिवसाआड ड्यूटीवर जायला लागले. सकाळी खाकी शर्ट घालून स्टँडवर जायचं, साध्या प्रवाशासारखं एसटीत बसायचं, फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालायचं. गुडघ्यासाठी हातात काठी असे. एवढं करून दिवसभर स्टेअरिंगवर बसायचं आणि संध्याकाळी घरी. काकू सुरुवातीला म्हणाल्या, बरं झालं, घरातला खडखडाट गेला. थोड्या दिवसांनी मला म्हणाल्या, "हातातलं उलथनं उगाच ताटलीकडं जाते वं."

आणि जुन्या मशीनचा खटला? तो काकांनी एका वाक्यात मिटवला. इरफानने पुन्हा कार्डाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मास्तरले चित्र दिसत नाई. मंग मले चित्र कायले पाह्यजे?" त्यांनी इरफानला गेममधली चित्राची सगळी चैन बंद करायला लावली. सावल्या गेल्या, डोंगरांची ढेकळं झाली, झाडांची नुसती खोडं उरली. पण गाडी गावातून लोण्यासारखी जायला लागली. एसएसडी तेवढी घातली, गाडी सुरू व्हायची वाट बघत मास्तरांना स्टँडवर ताटकळावं लागू नये म्हणून. जवळ होते ते पैसे काकांनी दणदणीत स्पीकरमध्ये आणि लाइट गेली तरी गाडी बंद पडू नये म्हणून बॅटरीत घातले. इरफान मला म्हणाला, "मॅडम, एवढी वर्षं गेमचे कॉम्प्युटर बनवून राह्यलो, चित्र कमी करून आवाज वाढवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं."

सुट्टी असली की मी कधीकधी सोबत जायची. मास्तर आता खाट सोडून काकांच्या मागे खुर्ची टाकून बसत. आवाजावरून त्यांना पूल कळे, उतार कळे, गाव कळे. थांबे ते पुकारत आणि काका तिथे गाडी लावत. वाटेत दोघांचं भांडणही होई, एखाद्या जुन्या म्हातारीला उमरखेडच्या अलीकडे उतरवलं होतं की पलीकडे यावरून. तांड्यावरची इतर माणसं येऊन बसायला लागली. त्यांतही फवारणीने आजारी पडून उठलेले दोघे-तिघे होते. कुणी ढाणकीच्या बाजाराचं तिकीट मागे, कुणी फुलसावंगीला लेकीकडे जायचं म्हणे. त्या गावाला आपली गाडी जात नाही म्हणून मास्तर त्याला महागावला उतरवून पुढची गाडी कोणती ते सांगत.

दवाखान्यात त्यांना महिन्याच्या महिन्याला बोलावत. दर वेळी डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारत आणि सुधारणा आहे म्हणत. मास्तरांना उजेड-अंधार कळायला लागला होता. माणसाची आकृती कळे, तोंड कळत नसे. आपण होऊन ते त्याविषयी काही बोलत नसत आणि काकाही विचारत नसत.

नवी पेरणी होऊन पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी खिडकीशी पेपर तपासत बसले होते. काका गाडी चालवत होते, मास्तर मागे. मध्येच मास्तर म्हणाले, "उस्ताद, ह्या झाडायले पानं काहून नाईत?"

काकांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली, ना बाजूला घेतली, ना इंडिकेटर दिला. मागून परदेशी गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ केला.

"कोनत्या झाडायले?" काकांनी मागे न बघता विचारलं.

"हे काय, इकडच्या बाजूले. निरे खुंटं उभे हायेत. वाळले का?"

काका उठले. त्यांना काठी सापडेना. तशीच चप्पल घालून ते अंगणात गेले, तिथून परत आले, मास्तरांसमोर उभे राहिले आणि पुन्हा अंगणात गेले. याडी विचारत होत्या, काय झालं बापू, काय झालं. काकांना सांगता येईना. शेवटी मी सांगितलं. याडी उठल्या, मुलाजवळ गेल्या आणि स्वतःचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर धरून उभ्या राहिल्या. मास्तर चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याडी, तू लय वाळली."

त्या दिवशी काका गाडी अर्ध्या वाटेत सोडून आर्णीला परतले. प्रवासी रस्त्यात टाकून ड्रायव्हर निघून गेला, असं त्यांच्या बाबतीत तेवढं एकदाच घडलं. स्टँडवर उतरून ते घरी न येता सरळ इरफानच्या दुकानात गेले. मीही मागोमाग.

"कार्ड दे," काका म्हणाले.

"चाचा, कार्ड म्हणजे पॉवर सप्लायही—"

"दे."

"रॅम वाढवावी लागन. अन् तुमच्या बोर्डाले चालणारा जरा तगडा जुना प्रोसेसर आहे माझ्याजवळ, तो टाकला तं—"

"टाक. सगळं टाक. पुढच्या साली नवी गाडीही घेऊ. पण सकाळी मास्तरले झाडावर पानं दिसले पाह्यजेत."

इरफानने एकवार माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याला सगळं समजायला एक क्षण लागला, आणि मग तो दुकानातल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून कपाटाकडे धावला.

सकाळी आम्ही तिघं तांड्यावर पोहोचलो. इरफानने कॅबिनेट उघडलं, जुनं काढलं, नवं बसवलं, आणि बंद केलेली चित्राची सगळी चैन पुन्हा चालू केली. काकांनी फेरी मारली नाही. बटण लावायचंही राहिलं. मास्तरांनी खुर्ची काकांच्या शेजारी ओढून घेतली होती.

गाडी निघाली तशी दोन्ही बाजूंना झाडं उभी राहिली, पानांनी भरलेली, वाऱ्यावर हलणारी, रस्त्यावर सावली टाकणारी. काका रस्त्याकडे बघत नव्हते, मास्तरांकडे बघत होते. मास्तर डोळे बारीक करून, मान पुढे काढून, एकेक झाड निरखत होते.

"दिसते का?" काकांनी विचारलं.

"दिसते. धुकट दिसते."

"काय दिसते?"

"पानं हायेत." मास्तरांनी डोळे चोळले. "पन हे बाभूळ नाई. कडुलिंबही नाई."

"मंग काय हाये?"

"मले काय ठाऊक, परदेशातलं झाड! जरा पुढं घ्या ना उस्ताद, जवळून पाहून सांगतो."

काकांनी गिअर टाकला.